३५ हर्ट्झसाठी पाईप कापलो, खरं बॉक्स भलत्याच सुराला घुमतो (१२ इंची सबवूफर)

मच्छे_बाराइंची:

नमस्कार. मी बेळगावजवळच्या मच्छेचा, उद्यमबागेत व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) कामाला आहे. आमचे बाबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. यंदाच्या पारायणात मी तीन रात्रींचं भजन रेकॉर्ड केलो. घरातल्या लहान स्पीकरवर लावलं की उजव्या हाताचे बोल तेवढे ऐकू येतात, डाव्या हाताची धूम गायबच. बाबा ऐकून एवढंच म्हणाले, "माझा डावा हात कुठं गेला रे?" ते मनाला लागलं आणि सबवूफर करायला घेतलो.

माप सगळं देतो. ड्रायव्हर, म्हणजे नुसता स्पीकर, १२ इंची. खोक्यातल्या कागदावर एफएस (ड्रायव्हरचा स्वतःचा सूर) ३३ हर्ट्झ, क्यूटीएस (तो सूर किती आवरलेला आहे त्याचा आकडा) ०.३६, व्हीएएस (कोनच्या लवचिकपणाइतकी हवा) ७५ लिटर असं छापलंय. प्लायवूड १८ मिलिमीटरचं. बॉक्स ४६ सेंटिमीटर रुंद, ४१ उंच, ४६ खोल, आत मधोमध एक आडवी पट्टी आधाराला. पोर्टला चार इंची पीव्हीसी पाईप घेतलो. बाहेरून ११० मिलिमीटर, आतून व्हर्नियर लावून बघितलो तर १०४. नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये ८६.८ लिटर आणि ३५ हर्ट्झ घातलो, पाईपची लांबी १६.४ सेंटिमीटर आली. तेवढाच कापून पुढच्या फळीत बसवलो. दुकानदार म्हणाला आत गादीचा कापूस भर, आवाज मऊ होतो, म्हणून अर्धा बॉक्स कापूसही भरलो.

आता बॉक्स वाजतो, जोरात वाजतो, खरं बाबांच्या प्रत्येक थापेला एकच "घूं" येतं. थाप कुठलीही मारू दे, सूर तोच. मोबाईलवरून टोन सोडून बघितलो तर चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास फडताळातली भांडी वाजायला लागतात, तिशीत गेलं की सगळं मरतं. खोली १२ बाय १० फूट, बॉक्स कोपऱ्यात.

पाईप छोटा झाला की मोठा? आणि पाईपच्या लांबीचा सुराशी नक्की संबंध काय? मी समजत होतो की आतला आवाज बाहेर यायला भोक लागतं, म्हणून पाईप. तसं असेल तर एक-दोन सेंटिमीटरनं एवढा फरक का पडावा, हे कळेना झालंय.

———

निपाणीचा_ऑपरेटर:

दादा, जाणकार मंडळी सविस्तर सांगतीलच, मी एकच सांगतो. अॅम्पवर सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ठरलेल्या सुराच्या खालचं अडवणारा हायपास, आहे का बघ. नसेल तर आवाज वाढवू नकोस. पोर्टवाल्या बॉक्समध्ये ट्युनिंगच्या, म्हणजे बॉक्स ज्या सुराला घुमतो त्याच्या, खाली सूर गेला की कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) मागून कुणी धरणारं राहत नाही. तो मोकाट सुटतो.

मी भाड्यानं साउंड लावतो. एका विसर्जनाच्या मिरवणुकीत घाईत प्रोसेसरवरचा हायपास बंद राहिला. मध्येच एक गाणं आलं, सुरुवातीलाच खोल उतरणारं. ऐकायला तर फार काही नव्हतं, खरं डाव्या बाजूच्या दोन अठरा इंचींतून "टक् टक्" असा सुकलेल्या लाकडासारखा आवाज आला. कोनला हलवणारी तारेची कॉइल मागच्या प्लेटवर आपटत होती. घरी आणून उघडलं तर कॉइलचा नळा वाकडा, तार सुटलेली. वॉट कमी होते म्हणून नव्हे, ट्युनिंगच्या खालच्या सुरांनी मेले ते. तेव्हापासून बॉक्स ३५ चा असेल तर हायपास ३० च्या आसपास, दर सप्तकाला २४ डीबी उताराचा, हे लावल्याशिवाय मी वायर जोडत नाही.

———

शहापूरचा_रेडिओवाला:

वरच्या निपाणीकरांनी सांगितलं ते अगदी खरं आहे, आणि ते का होतं तेही तुझ्या प्रश्नातच दडलंय.

बाळा, पहिलं काम म्हणजे तो कापूस काढ, सगळा. बंद बॉक्समध्ये कापसाला अर्थ असतो. पोर्टवाल्यात भिंतींना पातळ थर चालतो, पण पोटभर कापूस भरलास तर पाईपमधल्या हवेचं हेलकावणंच मारतोस, आणि त्या हेलकाव्यासाठीच आपण पाईप लावतो.

आता "भोक म्हणजे आवाज बाहेर यायची वाट" हे डोक्यातून काढ. शॉपमधून एक एम-१६ चा नट आण आणि त्याला एक लांब रबर बांध. रबराचं वरचं टोक हातात धरून हात वर-खाली कर. अगदी सावकाश केलास तर नट हाताबरोबर जातो, हात वर तर नट वर. भराभर केलास तर उलटं, हात वर जातो तेव्हा नट खाली येतो. आणि या दोन्हींच्या मध्ये एक असा वेग सापडतो की हात जेमतेम हलतो आणि नट वीतभर उड्या मारतो. पाच मिनिटं हे कर, पुढचं सगळं सोपं आहे.

बॉक्समध्ये कोंडलेली हवा म्हणजे रबर. दाबली की परत ढकलते. पाईपमधली हवा म्हणजे नट. तिला वजन असतं, तुझ्या पाईपला लागेल त्या लांबीत तीन-साडेतीन ग्रॅमच, पण तेवढं पुरतं. हात म्हणजे कोन. नट जिथं उड्या मारतो तो वेग म्हणजे बॉक्सचं ट्युनिंग. त्या सुराला कोन जवळजवळ थांबतो आणि आवाज पाईप काढतो. त्याच्या वर, म्हणजे हात भराभर चालतो तिथं, कोन आत जाताना पाईपमधली हवाही आत येते, दोघं मिळून बाहेर येतात, म्हणून आवाजात भर पडते. त्याच्या खाली कोन आत गेला की पाईपमधून हवा बाहेर, कोन बाहेर आला की हवा आत. एकानं केलेलं दुसरा पुसतो. म्हणून ट्युनिंगच्या खाली आवाज दर सप्तकाला २४ डीबीनं कोसळतो, बंद बॉक्सचा १२ नं. आणि आतली हवा आता दाबलीच जात नाही, तेव्हा कोनला अडवणारं रबरही उरत नाही. निपाणीकरांच्या कॉइली तिथं आपटल्या.

पाईप लांब केला की नट जड झाला, सूर खाली. बॉक्स मोठा केला की रबर ढिलं झालं, सूर खाली. पाईप रुंद केला तर मात्र सूर वर जातो. हवा वाढते हे खरं, पण तिला ढकलणारं तोंडही मोठं होतं आणि ढकलणं वजनाला मागं टाकतं. यातलं काही तुझ्या घरात नवीन नाही. बाबांना विचार, पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक जास्त थापली की काय होतं? सूर उतरतो. तू पाईप लांब करतोस तेव्हा कणीकच वाढवत असतोस. आणि नळाखाली घागर भरताना आवाज चढत जातो ना, तो आतली हवा कमी होत जाते म्हणून. घागर भरत आली हे आई दुसऱ्या खोलीतून ओळखते ती याच गणितावर.

गणित हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं, एकोणिसाव्या शतकातलं. स्पीकरच्या बॉक्सला ते बेल लॅबोरेटरीजमधल्या थुरासनं लावलं, त्याचं पेटंट १९३२ चं. पण कुठल्या ड्रायव्हरला किती लिटर आणि किती हर्ट्झ हे नीट आकड्यांत बसवलं ते ऑस्ट्रेलियातल्या थीलनं १९६१ मध्ये आणि पुढं सत्तरच्या दशकात स्मॉलनं. तुझ्या कागदावरचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस हे त्या दोघांच्या नावानंच ओळखले जातात. मी दुकान सुरू केलं तेव्हा आम्ही बॉक्स डोळ्यानं करायचो आणि पाईप नशिबानं लागायचा. तुमच्या हातात आकडे आहेत, ते वापरा.

आता तुझी चूक. ती पाईपमध्ये नाही, लिटरमध्ये आहे. ४६, ४१, ४६ हे गुणलेस तर ८६.८ येतात, बरोबर, पण ते बाहेरचं माप झालं. हवा बाहेर नसते. प्रत्येक बाजूनं १८ मिलिमीटर वजा कर: ४२.४, ३७.४, ४२.४. झाले ६७.२ लिटर. त्यातून ड्रायव्हरचं मागचं धूड साधारण ३ लिटर, आधाराची पट्टी दीडेक लिटर, आत शिरलेला पाईप दीडेक लिटर. उरले ६१ च्या आसपास. म्हणजे कॅल्क्युलेटरला तू जे सांगितलंस त्यापेक्षा चौथ्या हिश्श्याहून जास्त हवा तुझ्या बॉक्समध्ये कमी आहे. रबर जितकं ढिलं समजलास तितकं नाही.

सूत्र हे घे, कागदावर कर, म्हणजे पटेल. पाईपची लांबी सेंटिमीटरमध्ये = (२३५६० × व्यासाचा वर्ग) ÷ (हर्ट्झचा वर्ग × लिटर), आणि त्यातून ०.७३ × व्यास वजा. व्यास आतला आणि सेंटिमीटरमध्ये. शेवटची वजाबाकी अशासाठी की पाईपच्या दोन्ही तोंडांबाहेरची थोडी हवाही नटाबरोबर हलते, म्हणून पाईप आहे त्यापेक्षा लांब वागतो. तुझ्या पाईपला हा वाढावा ७.६ सेंटिमीटरचा. उलट सोडवलं तर १६.४ चा पाईप आणि ६१ लिटर यांचा सूर येतो ४२ च्या जरा खाली. ३५ नव्हे.

आणि ४२ ला दुसरा एक साथीदार भेटला. तुझी खोली १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर. तिचा स्वतःचा पहिला सूर ३४३ भागिले ७.३२, म्हणजे ४७ हर्ट्झ. बॉक्स ४२ ला फुगतोय, खोली ४७ ला, आणि बॉक्स कोपऱ्यात आहे जिथं खोली सगळ्यात जास्त बोलते. तुझं "घूं" ते हेच.

तुझा ड्रायव्हर मात्र चांगला आहे. ०.३६ आणि ३३ ला सपाट आवाजासाठी बॉक्स येतो ६० लिटर, ट्युनिंग ३५. न ठरवता तू लिटर अगदी बरोबर गाठलेस. बॉक्स मोडू नको. पाईप तेवढा २७ सेंटिमीटर लागेल, पुढच्या फळीची जाडी धरून. तुझा पाईप चिकटवलेला असेल तर कपलर टाकून पुढं तुकडा जोड. कपलर बाहेरून बसतो आणि पाईप आत एकमेकांना भिडतात, त्यामुळं आतली वाट गुळगुळीत राहते. मागच्या भिंतीपर्यंत १७ सेंटिमीटर राहतात, ते भरपूर. पाईपच्या तोंडापासून निदान एक व्यासभर मोकळं हवं.

पण एकदम २७ कापू नको. ३० ठेव, मोज, मग सेंटिमीटर-सेंटिमीटर काप. तुझ्या बॉक्सला एका सेंटिमीटरला अर्धा हर्ट्झ असा हिशेब पडेल. कापलेला पाईप वाढत नाही.

मोजायचं असं. बॉक्स आडवा कर, कोन वर तोंड करून. कोनवर चिमूटभर रवा टाक. मोबाईलवरून टोन सोड, आवाज बेताचा, ६० पासून एक-एक हर्ट्झ खाली ये. रवा उड्या मारेल, मग एका आकड्याला जवळजवळ निश्चल होईल, आणि खाली गेलास की परत उडेल. निश्चल झाला तो तुझा खरा सूर. त्याच वेळी पाईपच्या तोंडाशी हात धर, वारा तिथं सगळ्यात जास्त. अजून पक्कं हवं असेल तर स्पीकरच्या वायरीत १०० ओहमचा पाच वॉटचा रेझिस्टर ओळीत टाक आणि मल्टिमीटर एसी व्होल्टला ठेवून स्पीकरच्या टोकांवर धर. आकडा दोनदा चढेल आणि दोन चढांच्या मधली खोल जागा म्हणजे ट्युनिंग. स्वस्तातला मीटर इतक्या खालच्या सुराला व्होल्ट चुकीचे दाखवेल, पण चढ-उतार कुठं आहेत ते बरोबर सांगतो.

आधी मोज, मग पाईपला हात लाव. आकडे इथं टाक.

———

सुतारमेट_खानापूर:

लाकडाचं सांगतो. काकांचं गणित बॉक्स हवाबंद आहे असं धरून आहे. आमच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात सांधे हलतात, बेळगावातही फार वेगळं नाही. प्लाय घेतलंस ते बरं केलंस. एमडीएफ एकदा ओल प्यायला की कडेनं फुगतो आणि मग स्क्रूला धरत नाही.

गळती शोधायची तर ३० हर्ट्झचा टोन लाव आणि उदबत्ती पेटवून सांध्याजवळून सावकाश फिरव. धूर सरळ वर जात असेल तर ठीक. एखाद्या ठिकाणी धूर थरथरला की तिथं फट आहे. ड्रायव्हरच्या कडेला आणि वायर जिथून आत जाते तिथं नक्की बघ. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या निम्म्या बॉक्सना वायरीचं भोकच गळत असतं. आतून सगळ्या कडांना लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून बोटानं ओढ.

पाईपचं बाहेरचं तोंड जमलं तर पसरट कर. हीट गननं कड फिरवत-फिरवत तापवायची, मऊ झाली की स्टीलच्या लोट्याच्या बुडावर सरळ दाबायची आणि ओलं फडकं लावायचं. वारा कडेला आपटून फसफसतो ते कमी होतं. गॅसच्या ज्योतीवर करू नको आणि घरात तर नकोच. पीव्हीसी करपलं तर त्याचा धूर छातीत बसतो. तोंड पसरलं की पाईप थोडा आखूड वागतो, म्हणून हे आधी कर आणि मोजून कापणं नंतर.

———

चिक्कोडी_व्हॅन:

काका, मध्येच विचारतो. मी व्हॅनसाठी बॉक्स करतोय. दुकानात सांगतात चार इंचीऐवजी तीन इंची पाईप घाल, लांबी कमी लागते, जागा वाचते. चालेल का? की फळीचाच चपटा पोर्ट करू?

———

शहापूरचा_रेडिओवाला:

लांबी कमी लागते हे खरं. वरच्याच बॉक्सला आतून ७ सेंटिमीटरचा पाईप घातला तर २७ ऐवजी साडेदहा-अकरा सेंटिमीटरमध्ये तोच ३५ येतो. पण तोंड ८५ चौरस सेंटिमीटरवरून ३८ वर आलं. तेवढीच हवा निम्म्याहून कमी वाटेनं जायची म्हणजे वेग दुपटीच्या वर. वेग सेकंदाला सतरा-अठरा मीटरच्या पुढं गेला की फसफस ऐकू यायला लागते, आणि अजून वाढला की पाईप गुदमरतो, आवाज वाढवूनही वाढत नाही. जागा वाचली, बास गेला. घरात हळू ऐकायला चालेल, व्हॅनला नाही.

फळीचा चपटा पोर्ट चांगला, पण गोल पाईपचं सूत्र जसंच्या तसं लावू नको. चपट्या पोर्टची एक बाजू बॉक्सची भिंतच असते, ती आतल्या तोंडापुढंही चालू राहते, म्हणून तो गोल पाईपपेक्षा जास्त लांब वागतो आणि सूर ठरवल्यापेक्षा खाली बसतो. वळण असेल तर लांबी मधल्या रेषेवर मोज. शेवटची फळी आधी स्क्रूवर ठेव, मोजून झाल्यावरच चिकटव.

———

मच्छे_बाराइंची:

काका, सगळ्यांचे आभार. रविवारी दिवसभर हेच केलो. आकडे नीट लिहून ठेवलोय.

आधी नट आणि रबर. ते रविवारच्या आधीच, लंच टायमाला शॉपमध्ये केलो, आमचे फोरमन पण येऊन करून बघितले. तो मधला वेग हाताला लागला तेव्हा अंगावर काटा आला. मग कापूस काढलो. एक पूर्ण गोणी निघाला.

जुन्या १६.४ च्या पाईपवर रवा ४२ ला थांबला. मल्टिमीटरनं चढ २३ ला आणि ६० ला, मधला खड्डा ४२. तुम्ही न बघता सांगितला तोच आकडा. उदबत्तीनं वायरीच्या भोकाशीच फट सापडली, खानापूरचे दादा म्हणाले तिथंच. एम-सील लावून बंद केलो.

पाईपचं तोंड अंगणात हीट गननं पसरलो, दुसऱ्या प्रयत्नाला नीट आलं. कपलर टाकून लांबी ३० केलो. खड्डा ३३ आणि ३४ च्या मध्ये. ड्रायव्हर काढायचा, हात आत घालून तुकडा सोडवायचा, हॅक्सॉनं सेंटिमीटरभर कापायचा, परत बसवायचा. तीन वेळा केलो. २७ ला रवा ३५ वर थांबला. नुसता थांबला नाही, कोनच्या मध्यावर छोटा ढीग होऊन बसून राहिला आणि पाईपच्या तोंडापुढं धरलेला वर्तमानपत्राचा कागद फडफडत होता. मीटरवर चढ आता २० आणि ५७.

बॉक्स कोपऱ्यातून काढून लांब भिंतीच्या मध्याजवळ ठेवलो. भांडी वाजायची थांबली. हायपास ३० ला लावलाय, निपाणीच्या दादांचं ऐकून.

संध्याकाळी बाबांना बसवलो आणि तिसऱ्या रात्रीचं रेकॉर्डिंग लावलो. पहिले दोन अभंग ते काहीच बोलले नाहीत, मांडीवर बोटं चालू होती. तिसऱ्या अभंगाच्या मध्यावर हात वर करून थांबव म्हणाले. मागं घेऊन परत लावायला सांगितले, दोनदा. मग म्हणाले, "इथं बघ, धूम चढली. कणीक वाळली होती माझी. त्या रात्री वारा होता, मी परत भिजवून लावायला हवी होती."

तेच रेकॉर्डिंग मी हेडफोनवर दहा वेळा ऐकलोय, मला हे कधी कळलं नव्हतं. आता पहिल्या रात्रीचं लावा म्हणतायत.